ठिणगी नेमकी केव्हा पडते?

चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाची माहिती देणाऱ्या पाठ्यपुस्तकांत आणि मार्गदर्शकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने नेहमी भेटते. दट्ट्या सिलिंडरच्या वरच्या टोकाला पोचला की ठिणगी पडते, मिश्रणाचा स्फोट होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो, अशा अर्थाचे ते वाक्य असते. शेजारी चार चौकटींचे चित्र असते. तिसऱ्या चौकटीत दट्ट्या अगदी वर आणि प्लगपाशी चांदणीसारखी ठिणगी. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्यांना पूर्ण गुणही मिळतात.

या लेखात या एका वाक्याची तपासणी करायची आहे. त्याच्या जोडीला आणखी एक लेखनप्रकार तपासायचा आहे, तो म्हणजे जुन्या इंजिनांच्या हस्तपुस्तिकांमधल्या सूचना. पाठ्यपुस्तक कारण सांगते, पण यंत्राजवळ नेत नाही. हस्तपुस्तिका यंत्राजवळ नेते, पण कारण सांगत नाही. दोन्हींमधून निसटणारी गोष्ट मात्र एकच आहे. ती म्हणजे वेळ.

तपासणीसाठी बोटीतले जुने पेट्रोल इंजिन घेऊ. आज रस्त्यावर येणाऱ्या नव्या मोटारीत किंवा मोटारसायकलीत ठिणगीची वेळ संगणकाची चकती ठरवते. ती पाहताही येत नाही आणि हाताने बदलताही येत नाही. जुन्या बोटींमध्ये मात्र ती वेळ अजून माणसाच्या हातात आहे. एक पेच सैल करून एक डबी थोडी फिरवायची, की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडू लागते. शिवाय या इंजिनावरचा भार म्हणजे पाण्यात फिरणारा पंखा. त्याचे गणित सोपे असल्यामुळे आपला युक्तिवादही सोपा होईल.

इंजिनाची ओळख

उदाहरणासाठी ‘ॲटॉमिक फोर’ हे इंजिन घेतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश येथे युनिव्हर्सल मोटर कंपनी होती. तिने हे इंजिन १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनवले. एकूण सुमारे ४० हजार इंजिने तयार झाली आणि त्यांतली बहुतेक शिडाच्या लहान बोटींमध्ये बसली. वारा पडला तर किंवा धक्क्याला लागताना उपयोगी पडावे, म्हणून बोटीच्या पोटात बसवलेले हे इंजिन. यातली बरीच इंजिने आजही चालतात आणि त्यांचे मालक ती स्वतःच दुरुस्त करतात.

इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव सुमारे ७९ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना चारही सिलिंडरांचे आकारमान काढायला सांगावे; उत्तर साधारण १०५० घनसेंटिमीटर येईल. शक्ती ३० अश्वशक्तीपर्यंत. संपीडनाचे गुणोत्तर सहा-साडेसहाच्या आसपास, म्हणजे आजच्या मोटारींच्या मानाने बरेच कमी.

ठिणगीची व्यवस्था जुन्या मोटारीसारखीच. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो. त्या मार्गात ‘पॉइंट’ म्हणजे उघडझाप करणारे दोन संपर्कबिंदू असतात. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, कॉइलच्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि प्लगला ठिणगी पडते. पॉइंट उघडणे म्हणजेच ठिणगीची वेळ. पॉइंट ज्या डबीत असतात ती डिस्ट्रिब्यूटर. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच ठिणगी लागते, म्हणून डिस्ट्रिब्यूटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे डबी १ अंश फिरवली तर ठिणगीची वेळ क्रँकच्या २ अंशांनी सरकते. ही दुपटीची गोष्ट लक्षात न ठेवल्यामुळे अनेकांची गणिते चुकतात.

पहिली खोट: केव्हा?

आता ते वाक्य घेऊ. त्याचा पहिला तुकडा सांगतो, दट्ट्या वरच्या टोकाला पोचला की ठिणगी पडते. प्रत्यक्षात इंजिन वेगात चालू असताना ठिणगी त्याआधीच पडलेली असते. का, ते एका साध्या हिशोबाने पाहता येते.

इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या करत असेल तर सेकंदाला ३३ फेऱ्या आणि काही अंश होतात. एका फेरीत ३६० अंश, म्हणजे सेकंदाला १२ हजार अंश. १ अंश फिरायला लागणारा वेळ सुमारे ०.०८ मिलिसेकंद. सूत्र हवे असेल तर मिनिटाच्या फेऱ्यांना ६ ने गुणावे. सेकंदाला किती अंश ते मिळते.

दुसरीकडे मिश्रण जळायला वेळ लागतो. ठिणगीपाशी एक इवलीशी ज्योत तयार होते आणि तिथून जळते आघाडीचे टोक सिलिंडरभर पसरते. पेट्रोल आणि हवेचे शांत मिश्रण असेल तर ही ज्योत न जळलेल्या वायूत सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने शिरते. या वेगाने साडेसहा सेंटिमीटर अंतर कापायला सुमारे ०.१६ सेकंद लागेल आणि तेवढ्या वेळात २००० च्या गतीला इंजिनाच्या पाच फेऱ्या होऊन जातील. म्हणजे असे इंजिन चालणारच नाही! ते चालते याचे एक कारण म्हणजे जळून प्रसरण पावलेला वायू ज्योतीला पुढे रेटतो, आणि दुसरे अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे आत शिरताना मिश्रण जोरात घुसळले जाते. या घुसळणीमुळे ज्योतीचा पृष्ठभाग सुरकुततो, फाटतो, वाढतो आणि ज्वलन कितीतरी पटींनी जलद होते. जलद होते, पण तत्क्षणी होत नाही. काही मिलिसेकंद लागतातच.

समजा, २००० च्या गतीला ठिणगीपासून सर्वांत जास्त दाब निर्माण होईपर्यंत ४० अंश लागतात, म्हणजे सुमारे ३.३ मिलिसेकंद. अनुभव असा, की जास्तीत जास्त दाब दट्ट्या वरच्या टोकावरून निघाल्यावर साधारण १५ अंशांच्या आसपास आला तर इंजिनाचा टॉर्क सर्वोत्तम असतो. मग ठिणगी टोकाच्या २५ अंश आधी पडायला हवी. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ती नेमकी टोकावर टाकली तर सर्वोच्च दाब ४० अंशांवर येईल. तोवर दट्ट्या सेंटिमीटरभर खाली गेलेला असेल, जागा वाढलेली असेल आणि दाबाचा बराच भाग वाया गेलेला असेल. न वापरली गेलेली उष्णता एक्झॉस्टवाटे बाहेर पडेल. अशा इंजिनाला मिस्त्री म्हणतात, ‘पिकअप नाही आणि तापतंय’. त्यांचे निदान बरोबर असते.

मग पुस्तकातले वाक्य आले कुठून? ते आदर्श ऑटो चक्रातून आले आहे. निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये चार-स्ट्रोक इंजिन यशस्वी केले. त्या चक्राचे गणित सोपे व्हावे म्हणून असे गृहीत धरतात, की आकारमान न बदलता सगळी उष्णता एका क्षणात मिळते. दाब आणि आकारमानाच्या आलेखावर ती एक उभी रेघ असते. त्या आलेखाला वेळेचा अक्षच नाही. त्यामुळे ज्वलनाला किती वेळ लागतो हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. आदर्श चक्र शिकवण्यात काहीच चूक नाही. चूक आहे ती आदर्श चक्राचे वर्णन खऱ्या यंत्राचे वर्णन म्हणून देण्यात. बिंदुरूप वस्तुमान, घर्षणरहित उतार ही गृहीतके आपण निदान ‘समजा’ म्हणून सांगतो. इथे ते ‘समजा’ गळून पडले आहे.

या वाक्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. इंजिन सुरू करताना, म्हणजे अगदी मंद फिरत असताना, ते जवळजवळ खरे असते. मंद गतीत ३ मिलिसेकंदांत क्रँक फार फिरत नाही. उलट त्या वेळी ठिणगी फार लवकर पडली तर वर येणारा दट्ट्या मागे ढकलला जातो आणि इंजिन उलटा झटका देते. हाताने हँडल मारण्याच्या काळात अशा झटक्याने मनगट मोडण्याची भीती असे. म्हणूनच १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत सुकाणूजवळ ठिणगीच्या वेळेची स्वतंत्र दांडी होती. सुरू करताना ठिणगी उशिरा घ्यायची आणि वेग आला की लवकर. त्या काळच्या चालकाला जी गोष्ट हातानेच कळत होती ती आजच्या पुस्तकात नाही.

पुढे ही दांडी गेली आणि तिचे काम डिस्ट्रिब्यूटरमधल्या दोन वजनांनी घेतले. वेग वाढला की ही वजने स्प्रिंगविरुद्ध बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम थोडा पुढे सरकवतात. अपकेंद्री बल शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी खोट: ‘स्फोट’

वाक्याचा दुसरा तुकडा म्हणतो, मिश्रणाचा स्फोट होतो. निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि दाब झपाट्याने पण सलग वाढतो.

स्फोटासारखे काही घडते ते इंजिन बिघडलेले असताना. ज्योत पुढे येताना समोरचे, अजून न जळलेले मिश्रण दाबत आणि तापवत असते. ते फार तापले तर ज्योत पोचण्याआधीच आपोआप, जवळजवळ एकदम पेटते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि टकटक असा धातूचा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. या लाटांमुळे दट्ट्याला आणि सिलिंडरच्या डोक्याला चिकटलेला वायूचा थंड थर उखडला जातो, धातू तापतो आणि नॉकिंग बराच काळ चालले तर दट्ट्याचा वरचा भाग खराब होतो. ठिणगी जितकी लवकर, तितका ज्वलनातला दाब जास्त आणि नॉकिंगची शक्यताही जास्त.

म्हणजे ज्या शब्दाने पुस्तक इंजिनाचे सामान्य कार्य सांगते, तो शब्द खरे तर इंजिनाच्या रोगाला लागू पडतो. हा शब्दाचा कीस नाही. ज्वलन आणि स्फोट यांतला फरक रसायनशास्त्राच्या तासाला आपण शिकवतो. तोच इथे पुसला जातो.

तिसरी खोट: एकाच दिशेचा ढकला

तिसरा तुकडा सांगतो, दट्ट्या खाली ढकलला जातो. हे अर्धे खरे आहे. ठिणगी लवकर पडली, की दट्ट्या अजून वर येत असतानाच दाब वाढू लागतो आणि हा दाब दट्ट्याला विरोध करतो. ते काम इंजिनाला पदरचे करावे लागते. फार लवकर ठिणगी टाकली तर हा विरोध वाढतो, फार उशिरा टाकली तर खाली जाताना मिळणारे काम घटते. या दोन तोट्यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो ठिणगीचा सर्वोत्तम कोन. नफा-तोट्याचा हा तोल समजला, तर टायमिंग लावणे म्हणजे काय ते समजले.

हस्तपुस्तिकेची बाजू

पाठ्यपुस्तकाला एवढे बोल लावल्यावर आता दुसऱ्या लेखनाकडे वळू. जुन्या बोट-इंजिनांचे टायमिंग लावण्याच्या दोन रीती रूढ आहेत.

पहिली रीत इंजिन बंद ठेवून. आधी पॉइंटमधली फट फीलर गेजने नेमकी करायची. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग बदलते. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचे. हवेच्या दाबाने अंगठा उचलला जाऊ लागला की तो संपीडनाचा स्ट्रोक. दट्ट्या दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, म्हणून ही खात्री करावी लागते. खुणेवर इंजिन थांबवायचे आणि पॉइंटचे टोक व इंजिनाचा धातू यांच्यामध्ये लहान दिवा जोडून डबी सावकाश फिरवायची. दिवा पेटला तो पॉइंट उघडल्याचा क्षण. तिथे पेच आवळायचा.

दुसरी रीत इंजिन चालू ठेवून. बोट धक्क्याला भक्कम बांधायची, इंजिन गरम झाल्यावर गिअर टाकून पंखा फिरू द्यायचा आणि गती सर्वांत जास्त होईपर्यंत डबी फिरवायची. मग ती किंचित उशिराच्या बाजूला घेऊन पेच आवळायचा.

पहिल्या रीतीचा गुण नेमकेपणा. अंक ठरलेला, खूण ठरलेली. तिचा दोष असा, की तो अंक नव्या इंजिनाचा आणि त्या काळच्या इंधनाचा असतो. चाळीस-पन्नास वर्षे झिजलेल्या डिस्ट्रिब्यूटरची वजने आणि सैल झालेल्या स्प्रिंगा काय करत आहेत, हे बंद इंजिन सांगू शकत नाही. इंजिन थांबलेले असताना अपकेंद्री बलही शून्य असते!

दुसरी रीत इंजिनालाच प्रश्न विचारते, हा तिचा मोठा गुण. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही खरी प्रयोगाची वृत्ती आहे. पण ही सूचना जशी सांगितली जाते, तशी ती अपुरी आहे. तिच्यातल्या उणिवा पाहण्यासारख्या आहेत, कारण त्या शाळेतल्या प्रयोगांतही आढळतात.

पहिली उणीव. कोणत्याही वक्राच्या शिखरापाशी तो सपाट असतो. प्रिझमच्या प्रयोगात किमान विचलनाचा कोन शोधताना हाच अनुभव येतो. आपाती कोन बराच बदलला तरी विचलन हलत नाही. इथेही सर्वोत्तम कोनापासून चार-पाच अंश ढळले तरी टॉर्क एक-दोन टक्क्यांहून फारसा घटत नाही. पाण्यातल्या पंख्याला लागणारा टॉर्क साधारणपणे गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून टॉर्क १ टक्क्याने घटला तर गती अर्ध्याच टक्क्याने घटेल. मिनिटाला १६०० फेऱ्या असतील तर ८ फेऱ्यांचा फरक. तो कानाला कळणार नाही, साध्या गतिमापकाच्या काट्यावरही दिसणार नाही. तेव्हा ‘गती सर्वांत जास्त होईपर्यंत’ ही सूचना एक बिंदू दाखवत नाही, एक पठार दाखवते.

दुसरी उणीव. या पठाराच्या दोन कडा सारख्या नाहीत. उशिराच्या कडेला थोडी शक्ती जाते आणि थोडी उष्णता वाढते. लवकरच्या कडेपलीकडे नॉकिंगचा धोका आहे. प्रिझमच्या प्रयोगात दोन्ही बाजूंनी सारखे ढळून मध्य काढता येतो. इथे तसे करणे शहाणपणाचे नाही. म्हणून सूचनेत एक शब्द वाढवायला हवा. जास्तीत जास्त टॉर्क देणारा *किमान* आगाऊ कोन शोधावा. म्हणजे उशिराच्या बाजूने सुरुवात करायची, हळूहळू लवकर जायचे आणि गती वाढायची थांबली की लगेच थांबायचे. जुनी रीत शेवटी डबी ‘किंचित मागे घ्या’ म्हणते ते याचसाठी. पण कारण सांगितलेले नसल्यामुळे ‘किंचित’ म्हणजे किती हे प्रत्येकजण आपल्या मनाने ठरवतो आणि घाईत असलेला माणूस ती पायरीच गाळतो.

तिसरी उणीव भाराची. काही जण गिअर न टाकताच, मोकळ्या इंजिनावर ही रीत वापरतात. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे आणि विरळ असते, त्यात मागचा जळका वायूही मिसळलेला असतो. असे मिश्रण सावकाश जळते आणि त्याला ठिणगी आणखी लवकर हवी असते. मोकळ्या इंजिनाला मानवलेले टायमिंग भाराखाली फार लवकरचे ठरते. त्यातून डबी फिरवून गती वाढली की वजनेही बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी लवकर पडते. आपण एक बदल करत आहोत असे वाटते, पण होतात दोन. भार का घ्यायचा याचे हे कारण एका ओळीत सांगता आले असते.

इथे मोटार आणि बोट यांतला एक फरक पाहू. जुन्या मोटारींच्या डिस्ट्रिब्यूटरला बहुधा निर्वाताच्या जोरावर चालणारी एक चपटी डबी जोडलेली असते. ती भार कमी असताना ठिणगी लवकर आणते. बोटीच्या डिस्ट्रिब्यूटरला सहसा ती नसते. मोटार एकाच वेगाने घाट चढते किंवा उतरते, तेव्हा वेग तोच आणि भार वेगळा असतो. बोटीत पंख्याचा भार वेगाशी बांधलेला असतो, म्हणून वेगानुसार सरकणारी वजनेच पुरतात. आणि समुद्रात उतार नसतो. मोटार पूर्ण भार काही मिनिटे सोसते, बोटीचे इंजिन तो तासन्‌तास सोसते. शिवाय पंखा, पाणी आणि एक्झॉस्ट यांच्या आवाजात नॉकिंगची टकटक बुडून जाते. मोटारीवर कानाने लावलेले टायमिंग चालून जाते, म्हणून बोटीवरही चालेल, हा समज महागात पडू शकतो.

सर्वांत मोठी वगळ

मोटारीच्या मिस्त्रीला टायमिंग हा इंजिनाचा प्रश्न वाटतो. बोटीत तो माणसांचा प्रश्न असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली ती सांडून निघून जाते. बोटीचे पोट म्हणजे बंद वाडगा. वाफ तळाशी साचून राहते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाची शिफारस अशी, की पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी पंख्याने निदान ४ मिनिटे तळातली हवा बाहेर काढावी. तिथल्या नियमांनुसार पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातले विजेचे भागही बाहेरची वाफ पेटवणार नाहीत असेच बनवलेले असावे लागतात. दिसायला सारखा म्हणून मोटारीचा डिस्ट्रिब्यूटर बोटीत बसवणे त्यामुळेच धोक्याचे.

आता वरची पहिली रीत पुन्हा वाचा. प्लग काढून इंजिन फिरवायचे, म्हणजे भोकातून मिश्रण बाहेर फेकले जाणार. त्याच वेळी कॉइलची मोठी तार मोकळी लोंबत असेल आणि कळ चालू असेल तर ठिणगी उघड्यावर पडणार. इंजिन फिरवताना कळ बंद ठेवा, मोठी तार काढून धातूला जोडा, दिवा जोडण्याआधी कप्प्यातली हवा बदला. या सूचना पहिल्या क्रमांकावर, ठळक अक्षरांत हव्यात. ज्या वर्णनांत त्या शेवटी येतात किंवा येतच नाहीत, ते लेखन कितीही नेमके असले तरी चांगले म्हणता येणार नाही.

मग चांगले लेखन कोणते?

चांगल्या तांत्रिक सूचनेत तीन गोष्टी असाव्यात: अंक, तो लागू होण्याची परिस्थिती आणि त्यामागचे कारण. अंक एकटा असेल तर परिस्थिती बदलल्यावर तो निरुपयोगी होतो. कारण एकटे असेल तर हाताला काम सुचत नाही. हस्तपुस्तिकेत पहिली गोष्ट असते, दुसरी अर्धवट असते, तिसरी नसते. पाठ्यपुस्तकात तिसरी असते, पण वेळेचा अक्ष गाळल्यामुळे तीही अपुरी.

आपल्या कोकण किनाऱ्यावरचे मासेमारीचे ट्रॉलर डिझेलवर चालतात, तिथे ठिणगीच नाही. पण प्रश्न तोच आहे. डिझेल दट्ट्या टोकाला पोचण्याच्या काही अंश आधी फवारावे लागते, कारण ते पेटायलाही वेळ लागतो. किनाऱ्याजवळच्या शाळेतल्या मुलांना हे पंपाचे टायमिंग लावणाऱ्या मिस्त्रीकडून प्रत्यक्ष पाहता येईल. इतरत्र पॉइंट असलेली एखादी जुनी स्कूटर गॅरेजात सापडू शकते. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून तो कधी सुटतो, यावरून पॉइंट उघडण्याचा क्षण ओळखणारे मिस्त्री अजून आहेत.

वर्गासाठी हा एक हिशोब. ठिणगीपासून सर्वोच्च दाबापर्यंत समजा नेहमीच ३ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६००, १२०० आणि १८०० फेऱ्या असताना तेवढ्या वेळात क्रँक किती अंश फिरेल? उत्तरे १०.८, २१.६ आणि ३२.४ अंश. मग विचारावे, की प्रत्यक्षात वेग तिप्पट झाल्यावर हा कोन तिप्पट का होत नाही? वेगाबरोबर मिश्रणाची घुसळणही वाढते आणि ज्वलन जलद होते, हे उत्तर एखाद्या मुलाने आपणहून दिले तर त्या तासाचे सार्थक झाले समजावे.

पाठ्यपुस्तकातल्या वाक्याबद्दल शेवटी एवढेच, की ते सुधारायला फार जागा लागत नाही. ‘संपीडनाचा स्ट्रोक संपण्याच्या थोडे आधी ठिणगी पडते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो, ज्योत पसरत जाते, दाब वाढतो आणि दट्ट्या खाली जाऊ लागताना तो सर्वांत जास्त होतो.’ मूळ वाक्यापेक्षा काही शब्द जास्त आहेत, पण ते वाचून विद्यार्थी विचारू शकतो, ‘थोडे आधी म्हणजे किती?’ मूळ वाक्य वाचून असा प्रश्न पडायला जागाच नव्हती. पुस्तक बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. तिसऱ्या चौकटीतली ती चांदणी फळ्यावर काढताना दट्ट्या टोकाच्या थोडा खाली आणि वर जाणारा बाण काढला, तरी सुरुवात होईल.